अडगांवची लढाई : मृण्मय मांडणीची योजना

दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडणें महाराष्ट्रास नवें नाहीं. तीच रीत कामरगांवीं अडगांवच्या लढाईस (२९ नोव्हेंबर १८०३) लावण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. अक्षौहिणींत २१,८७० गज, तितकेच रथ, ६५,६१० अश्व व १,०९,३५० पदाति. शंभरांस एक मूर्ति धरिली तरी २,१८७ मूर्ति लागतात! म्हणून आधीं कागद, मग भूमि आणि शेवटीं माती, हाच क्रम आम्हीं ठरविला.

दुसरा प्रश्न वेळेचा. तोफा सुरू होतांच वेल्स्लीच्या कांहीं देशी पलटणी मागें फुटल्या. त्यानें त्या पुन्हां उभ्या केल्या. यांत दिवस कलला व पाठलाग चांदण्यांत झाला. सबब मांडणींत सूर्यास्तहि मोजला पाहिजे.

तिसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. कागद मुका राहूं शकतो. मूर्ति मात्र कोठें तरी ठेवावीच लागते. जिची जागा केवळ तर्कानें ठरली, ती मूर्ति आम्ही रंगविणार नाहीं. भोसल्यांकडील अस्सल कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते दाखवावे. त्या दिवशीं तिला रंग चढेल.