रसिकांची कात्री

१९ मे १९९९ रोजी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' मालिकेतील 'द फँटम मेनेस' हा चित्रपट प्रदर्शित झाला. आधीचा भाग १९८३ साली आला होता, म्हणजे रसिकांनी सोळा वर्षे वाट पाहिली होती. तिकिटबारीवर गर्दी उसळली, निर्मात्यांनी अमाप पैसा मिळवला. परंतु जाणत्या चाहत्यांची मात्र निराशा झाली. या निराशेतून पुढे जे घडले, त्याचा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय आपल्या वार्तापत्रात काहीसा परका वाटेल. पण ग्रंथ, पाठ आणि पाठभेद यांविषयी आस्था असणाऱ्या वाचकांना तो शेवटपर्यंत परका राहणार नाही, अशी आशा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो नातवामुळे. गेल्या दिवाळीत तो इंदूरला आला असता त्याने संगणकावर मला हा चित्रपट दाखवला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजोबा, आता हाच चित्रपट पुन्हा पाहा, पण दुसऱ्याने कापलेला." छत्तीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत इतरांचे मसुदे दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला याहून मोठे आमिष ते कोणते? मी दोन्ही रूपे लक्षपूर्वक पाहिली.

मूळ चित्रपटाचे कथानक असे. व्यापाराच्या करांवरून वाद होऊन नाबू नावाच्या ग्रहाची नाकेबंदी होते. तेथील तरुण राणीला वाचवण्यास निघालेल्या दोन जेडाय योद्ध्यांना वाटेत अनाकिन नावाचा नऊ वर्षांचा गुलाम मुलगा सापडतो. हाच मुलगा पुढे मालिकेतील सर्वांत भयंकर खलपुरुष होणार, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते. अशा मुलाच्या बालपणाची कथा करुणगंभीर व्हायला हवी. प्रत्यक्षात करांची चर्चा आणि सभागृहातील भाषणे लांबत जातात. 'फोर्स' ही आधीच्या चित्रपटांतील गूढ शक्ती येथे रक्ततपासणीत मोजता येते. जार जार बिंक्स नावाचे लांब कानांचे विनोदी पात्र तर गंभीर प्रसंगांतही अडखळून पडत असते. खुद्द अनाकिन अंतिम युद्धात जवळजवळ अपघातानेच पोहोचतो आणि अपघातानेच जिंकतो.

सुमारे वर्षभराने या चित्रपटाची एक वेगळीच व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरू लागली. तिचे नाव 'द फँटम एडिट'. मूळ १३३ मिनिटांपैकी जवळजवळ वीस मिनिटे तिच्यात नव्हती. आरंभी पडद्यावर सरकत जाणारा प्रसिद्ध मजकूर बदलून, एका निराश चाहत्याने हा चित्रपट अधिक सशक्त करण्यासाठी पुन्हा संकलित केला आहे, अशा आशयाचे निवेदन घातले होते. संकलकाचे नाव नव्हते. एका नामवंत दिग्दर्शकाचे हे काम असावे, अशा वावड्या उठल्या. पुढे २००१ साली उलगडा झाला की, हा गृहस्थ कॅलिफोर्नियातील माइक जे. निकोल्स नावाचा संकलक होता. ('द ग्रॅज्युएट'चे दिग्दर्शक माइक निकोल्स ते निराळे.)

निकोल्सने नेमके काय केले? त्याने नवे काही चित्रित केले नाही, करणे शक्यही नव्हते. त्याने जार जारचे धडपडणे आणि बडबड कमी केली, वर जे राहिले ते कथेला आवश्यक तेवढेच ठेवले. रक्तातील मोजमापाची चर्चा छाटली. यंत्रसैनिकांचे पोरकट संवाद काढले. अनाकिनचे बालिश उद्गार गाळल्याबरोबर तोच मुलगा, तोच चेहरा, पण थोडा अबोल आणि विचारी दिसू लागला. शेवटच्या युद्धातील त्याची कृतीही पूर्वीइतकी अपघाती वाटेना. एक वाक्य गाळल्याने माणसाचा स्वभाव बदलतो, हे चित्रपटात जितके स्पष्ट दिसते तितके अन्य कलांत क्वचितच दिसत असेल.

याचे कारण संकलनाच्या स्वरूपात आहे. संकलन म्हणजे केवळ तुकडे जोडणे नव्हे. कोणती गोष्ट प्रेक्षकाला केव्हा कळावी आणि कोणत्या चेहऱ्यावर नजर किती वेळ ठेवावी, याचा तो निर्णय असतो. खुद्द १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स' याची साक्ष आहे. त्याचे पहिले संकलन मनासारखे न उतरल्याने दिग्दर्शक जॉर्ज ल्युकास यांनी संकलक बदलला. नंतर रिचर्ड च्यू, पॉल हर्श आणि मार्शा ल्युकास या तिघांनी चित्रपट नव्याने बांधला. नायकाच्या मित्राचे आरंभीचे प्रसंग गाळले गेले आणि कथेला वेग आला. या तिघांना १९७८ साली उत्कृष्ट संकलनाचे ऑस्कर मिळाले. म्हणजे जी कात्री १९७७ साली जाणत्या सहकाऱ्यांच्या हाती होती आणि १९९९ साली पुरेशी चालली नाही, ती या वेळी एका चाहत्याने उचलली, इतकेच.

अर्थात कात्रीला मर्यादा आहे. तिने पाल्हाळ कमी होतो. उणीव भरून निघत नाही. 'द फँटम मेनेस'मध्ये कथेचा खरा नायक कोण, हे मूळ पटकथेतच पक्के नाही. ते निकोल्सच्या रूपातही पक्के झालेले नाही. उणीव भरायची तर त्यासाठी गाळलेली सामग्री कोठे तरी शिल्लक असावी लागते. याचे उत्तम उदाहरण 'ड्यून'. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या कादंबरीवर डेव्हिड लिंच यांनी १९८४ साली हा विज्ञानपट केला. अंतिम संकलनाचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. प्रचंड कथा १३७ मिनिटांत कोंबली गेली आणि पात्रांच्या मनातील विचार कुजबुजत ऐकवून दुवे जुळवावे लागले. १९८८ साली दूरचित्रवाणीसाठी तीन तासांहून मोठे रूप तयार झाले, ते लिंच यांना इतके अमान्य होते की, त्यांनी त्यावरून आपले नाव काढून घेतले. पुढे 'स्पाइसडायव्हर' असे टोपणनाव घेणाऱ्या एका रसिकाने चित्रपटगृहातील रूप, दूरचित्रवाणीवरील रूप आणि गाळलेले प्रसंग समोर ठेवून सुमारे तीन तासांची नवी मांडणी केली. तिच्यात वाळवंटातील फ्रेमेन लोकांचे जीवन आणि नायकाचे त्यांच्यात मिसळणे यांना अवकाश मिळाला. येथे कापून नव्हे, तर परत आणून सुधारणा झाली.

आता अधिकाराचा प्रश्न. दुसऱ्याच्या कृतीला हात लावण्याचा हक्क या मंडळींना कोणी दिला? कायद्याने पाहता कोणीही नाही. ल्युकास यांच्या कंपनीने आरंभी 'फँटम एडिट'कडे काणाडोळा केला. पण प्रती विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा २००१ साली हा स्वामित्वहक्काचा भंग असल्याचे बजावले. ते योग्यच होते. मात्र नैतिक बाजू इतकी सरळ नाही. मार्च १९८८ मध्ये ल्युकास स्वतः अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला गेले होते. त्या काळी जुन्या कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग देण्याची टूम निघाली होती. कलाकृती हा समाजाचा सांस्कृतिक ठेवा असून मालकी आहे म्हणून कोणी तिचे रूप बिघडवू नये, अशा आशयाचे कळकळीचे निवेदन त्यांनी केले. त्याच वर्षी चित्रपट-जतनाचा कायदा झाला आणि १९८९ साली राष्ट्रीय नोंदवहीत घेतलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत 'स्टार वॉर्स'चा समावेश झाला.

आणि १९९७ साली याच ल्युकास यांनी आपले तीन जुने चित्रपट बदलून प्रदर्शित केले. संगणकनिर्मित प्राणी घातले, गाळलेला प्रसंग जोडला, एका चकमकीत आधी गोळी कोणी झाडली हेही बदलले. २००४ साली तर एका दृश्यातील वृद्ध नटाच्या जागी दुसरा तरुण नट आला. लेखकाला आपली कृती सुधारण्याचा अधिकार आहे, यात वाद नाही. वाद इतकाच की, त्यांनी मूळ रूप बाजारातून जवळजवळ नाहीसे केले. २००६ साली ते डीव्हीडीवर जोडपुरवणी म्हणून दिले गेले, तेही १९९३ च्या लेझर डिस्कसाठी केलेल्या जुन्या प्रतीवरून.

तेव्हा रसिकांची दुसरी पिढी पुढे आली. तिला चित्रपट सुधारायचा नव्हता, मूळ रूप परत मिळवायचे होते. पेत्र हार्माचेक या चेक तरुणाने अनेक प्रतींतील चित्रे जुळवून, नवी भर एकेक करून पुसून, 'डिस्पेशलाइज्ड' नावाची आवृत्ती सिद्ध केली. पुढे काही हौशी मंडळींनी १९७७ च्या ३५ मिलिमीटर प्रिंटवरूनच नवी प्रत तयार केली.

येथे मराठी वाचकाला एकनाथमहाराजांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, ते ज्ञानदेवांना सुधारण्यासाठी नव्हे, तर नंतर शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा मोठा गुण असा की, मुख्य पाठातून वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही, तर त्याला पुरावा तेथेच सापडतो. धर्मग्रंथाशी चित्रपटाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पद्धत मात्र दोहोंना सारखीच लागू पडते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या कार्यालयातील बडे बाबूंनी मला हाच धडा दिला होता. एका लांबलचक मसुद्यावर मी मोठ्या उत्साहाने काट मारली, शुद्ध प्रत केली आणि जुना कागद फाडून टाकला. बाबूंनी नस्ती उघडली आणि शांतपणे विचारले, "साहेब, आपण काय सुधारले हे आता कोणाला कसे कळणार?" त्यानंतर मी मूळ कागद कधी काढला नाही.

मूळ हरवले म्हणजे काय होते, याचे उदाहरण विज्ञानपटांच्या आरंभकाळातच आहे. फ्रिट्झ लँग यांचा 'मेट्रोपोलिस' १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा तो सुमारे अडीच तासांचा होता. काही महिन्यांतच वितरकांनी त्याचा मोठा भाग कापला, आणि कापलेला भाग हरवला. पुढील ऐंशी वर्षे जगाने जो पाहिला तो तुटका 'मेट्रोपोलिस' होता. २००८ साली ब्वेनोस आयरीसच्या एका संग्रहालयात त्याची जवळजवळ पूर्ण, परंतु ओरखड्यांनी भरलेली १६ मिलिमीटरची प्रत सापडली आणि २०१० साली चित्रपट बहुतांशी पूर्ण रूपात पुन्हा दाखवता आला. १९२७ मधील त्या वितरकांनाही आपण चित्रपट सुधारतो आहोत, असेच वाटत असणार.

चाहत्यांच्या कात्रीला आणखी एक काळी बाजू आहे. जार जारची चेष्टा संकलनापुरती थांबली नाही. ती भूमिका करणारे अहमद बेस्ट यांनी २०१८ साली जाहीरपणे सांगितले की, त्या काळातील हेटाळणीमुळे आपण जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो. पात्र कापणे आणि माणसाला कापणे यांतील अंतर रसिकांनी राखायला हवे होते. ते राखले गेले नाही.

नातवाने दुसरे रूप दाखवले, तेव्हा धाकटी नातही शेजारी बसली होती. तिचे वय आठ. मी मनातल्या मनात निकोल्सच्या प्रत्येक काटेला दाद देत होतो. चित्रपट खरोखरच बांधेसूद झाला होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "आजोबा, तो लांब कानांचा कुठे गेला? काल किती पडत होता!" मला उत्तर सुचेना. जे आम्हा मोठ्यांना पाल्हाळ वाटले, तोच तिचा चित्रपट होता.

१२ जून २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ची त्याच काळातील मूळ प्रिंट जाहीरपणे दाखवली गेली. ती कोणी तरी जपून ठेवली होती, म्हणूनच हे शक्य झाले. सदोष चित्रपट रसिकाच्या हाताने सुधारू शकतो, हे मला आता मान्य आहे. त्याने आपण काय बदलले ते सांगावे, त्यातून पैसा करू नये आणि मूळ प्रतीला धक्का लावू नये, इतके पाळले तर त्याच्या कामाला मी पाठभेदाचा मान देईन.

दुसऱ्या दिवशी नातीने मूळ चित्रपट पुन्हा लावायला सांगितला. या वेळी आम्ही तो संपूर्ण पाहिला.