तळ्यावरची गरी

सिंधुदुर्गातील मासेमारीचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य स्वाभाविकपणे समुद्राकडे तोंड करतो. रापणीचे संघ, गाबितांचे दर्यावर्दी कौशल्य, शिवछत्रपतींनी 1664 मध्ये ज्याची उभारणी आरंभिली त्या जलदुर्गाच्या आश्रयाने वाढलेले मालवण बंदर, यांतच त्याचे दप्तर भरून जाते, आणि भातमळ्याच्या उशाशी असलेल्या तळ्यावर आजोबांनी नातवाला नेऊन त्याच्या हाती पहिली गरी द्यावी हा प्रघात अनुल्लेखित राहतो, कारण पोराच्या गरीवर पट्टी कोण बसविणार, आणि पट्टी नाही तेथे नोंद कोण करणार?

ही तळी कोणी मुलांसाठी खोदली नव्हती. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव नागेश देसाई यांनी 1530 मध्ये दोन टेकड्यांमध्ये मातीचा बांध घालून निर्माण केला, तो भाताला पाणी मिळावे म्हणून. 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचनस्थळांत त्याची गणना झाली तीही त्याच गुणाकरिता. गावोगावची लहान तळीही वायंगणी शेतीसाठीच राखलेली. मासा हे त्या पाण्याचे आनुषंगिक उत्पन्न, आणि मुलांचा हिस्सा त्यातूनही उरलेला. तरी गळाच्या विद्येला आपल्याकडे राजमान्यता जुनी आहे: कल्याणीचा चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाती आणि त्यांना द्यावयाचे आमिष यांचा त्यात तपशीलवार विचार आहे.

मुलाचे साहित्य राजाच्या मानाने अल्प. चिवारीची सरळ काठी, सुताची आणि पुढे नायलॉन आल्यावर तंगुसाची दोरी, भेंडाचा तुकडा, नारळाच्या आळ्यातले गांडूळ. गांडूळ गरीवर चढविताना शेपटाचा थोडा भाग मोकळा वळवळत ठेवावयाचा; भेंड एकदा थरथरले की स्वस्थ बसावयाचे, दुसऱ्यांदा बुडून तिरके ओढले गेले की मगच हिसका द्यावयाचा. या दोन क्षणांमधला संयम शिकविणे हेच आजोबांचे खरे काम. मरळीची तांबूस पिले पाण्याच्या पृष्ठभागी झुंडीने फिरू लागली म्हणजे त्यांची राखण करणारा मोठा मासा खालीच असतो, आणि अशा वेळी तो गरीला सहज लागतो, आमच्याकडील वडीलधारे तेव्हा दटावीत, "थंय पिल्लां आसत, थंय गरी घालू नको रे!" देवाच्या तळ्यात काठीसुद्धा बुडवावयाची नाही, श्रावणात गरी आढ्याला खोवून ठेवावयाची, हेही निर्बंध मुलाने कायद्याचे नाव ऐकण्यापूर्वीच अंगवळणी पाडून घेतलेले असत.

कायदा आला तो मोठ्यांच्या अपराधांसाठी. रामेठ्याची साल किंवा गेळफळ कुटून पाण्यात टाकले की मासे गुंगून वर येतात ही युक्ती कोकणात सर्वपरिचित; 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने विष व सुरुंग दोन्ही दंडनीय ठरविले. मृगाच्या पहिल्या पुरात चढणीचे, गाबोळीने भरलेले मासे कोयत्याने मारण्याची हौस मात्र आजही शिल्लक आहे, आणि ती मला गरीच्या विद्येशी पूर्णतः विसंगत वाटते.

या प्रघाताचे कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये. गावाचे पाणी सर्वांना सारखे खुले नव्हते. कोकणातच, महाडच्या चवदार तळ्यावर, 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जेथे पाण्याला स्पर्शच निषिद्ध, तेथे कित्येक मुलांच्या वाट्याला तळ्याचा काठही आला नसणार.

वायंगणी शेती ओसरली तशी गावकीने दरवर्षी गाळ उपसण्याची रीतही मागे पडली. 1952 मध्ये भारतात आलेल्या तिलापियाने अनेक जलाशयांत देशी माशांची जागा व्यापली. आता नातवाला गरवायला न्यावयाचे तर आजोबांनी आधी गावकीची बैठक बोलवावी, आणि येत्या उन्हाळ्यात तळ्याचा बांध कोण बांधतो व गाळ कोण काढतो, हे ठरवून घ्यावे.