अळी, वणवा आणि आमचा आजा

डांगातली म्हातारी माणसं काळाचे दोनच भाग करतात, मोगलाई आणि मांडिनी. हवा तिथं राब जाळला, हवी तिथं नागली पेरली, मोह, मध, मासे सगळं मोकळं, ती मोगलाई. दिल्लीच्या बादशहाशी तिचा काही संबंध नाही. गोऱ्या साहेबानं जंगलात रेषा आखल्या आणि मांडिनी लागली. अजय स्कारिया यांनी वडीलधाऱ्यांच्या अशा गोठी ऐकून लिहिलेलं पुस्तक १९९९ साली निघालं. मी ते सुरतच्या बमरोलीत वाचलं, शेजारच्या खात्यात माग खडखडत असताना. आजा तोवर गेलेला. पण पानोपानी तोच बोलतोय असं वाटत होतं.

आजा पिंपळनेरच्या वरच्या अंगाचा, कोकणा. घाट उतरला की त्याच्या मामाचा डांग. १८४२ साली मुंबई सरकारनं तिथल्या भिल्ल राजांकडून साग पट्ट्यानं घेतला, कारण मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी लाकूड हवं होतं. पुढं रेल्वेला स्लीपर हवे झाले. १९१३ मध्ये तर गायकवाड सरकारची छोटी गाडी बिलिमोऱ्याहून थेट वघईला जाऊन उभी राहिली. डांगवर देखरेख आधी खानदेशच्या कलेक्टरची होती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सुरतच्या कलेक्टरकडे आली. म्हणजे मामाच्या गावाचे हुकूम बमरोलीपासून दोन कोसांवर लिहिले जात होते!

जंगलात राहायचं तर आधी कुपाचं, म्हणजे सरकारी तोडीचं काम, मग आपलं शेत. आजाचा राग मजुरीपेक्षा यावरच जास्त. नेमका पेरणीला वनखात्याचा नाकेदार बोलवायला यायचा. तोडायच्या झाडावर हातोडीचा छाप बसे, एक खोडावर आणि एक पार बुडाशी. ओंडका गाडीत चढून गेला तरी खुंटावरचा छाप मागं राही आणि तपासणीत साक्ष देई. छाप नसलेला खुंट सापडला की गावाची झडती. "झाडाची हजेरी होती, माणसाची नव्हती," आजा म्हणायचा.

साहेबाला सागाच्या अळीनंही छळलं. पहिल्या पावसानंतर कोवळी पालवी येते तेव्हा एक अळी शिरा सोडून अख्खं पान फस्त करते. ऐन भरात जंगलात उभं राहिलं तर लेंड्या पडण्याचा आवाज पावसाच्या भुरभुरीसारखा येतो. दुसरी अळी पावसाळा सरताना येते आणि पानाची नुसती जाळी ठेवते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतले कीटकतज्ज्ञ बीसन यांनी आयुष्य या किड्यांत घातलं. १९४१ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्यांनी सागाखालची सगळीच झुडपं काढू नका असं सुचवलं, कारण अळीला मारणारे परजीवी कीटक त्यातल्या काही झुडपांच्या आधारानं जगतात. वनखातं तर ठिकठिकाणी नुसता साग लावत सुटलं होतं.

आजाला अळी ठाऊक होती, पण तिचं कौतुक नव्हतं. "साग मरत नाही, पुन्हा फुटतो." खरं आहे. पण साहेबही खोटा नव्हता. केरळच्या वनसंशोधन संस्थेनं पुढं निलांबूरच्या लागवडीत मोजलं, तेव्हा अळीपायी लाकडाची ४४ टक्के वाढ बुडते असं निघालं. आजा झाड जगतं का ते बघत होता, साहेब किती घनफूट हाती लागतं ते.

साहेबी अमलातल्या वनखात्याच्या वर्किंग प्लॅनमध्ये जंगलाला होणाऱ्या इजांचं एक ठरलेलं प्रकरण असे. त्यात वणवा, अळी, बांडगूळ, चरणारी गुरं, आणि त्याच रांगेत राबासाठी फांद्या तोडणारा माणूस. म्हणजे आमचा आजा. हे मला आधी कळलं असतं तर त्याला नक्की सांगितलं असतं. तो खो खो हसला असता आणि विचारलं असतं, अळीला दंड किती करायचे?

१९४७ च्या सुमारास मुंबई राज्यात जंगल कामगार सोसायट्या निघाल्या आणि लाकूडतोडीचा ठेकेदार हळूहळू बाजूला झाला. आजा सभासद झाला. पहिल्यांदाच ओंडक्याचं माप त्याच्यासमोर घेतलं गेलं, हे तो फार रंगवून सांगे. सेक्रेटरीही पुढं ठेकेदारासारखाच वागायला लागला, हे मात्र आजीच सांगायची, आजाला मध्येच तोडून.