‘पॅरिश’ शब्दाची कुळकथा

महोत्सव जवळ आला की धर्मग्रामातील मूळची घराणी कोणती आणि मागाहून आलेली कोणती, ही चर्चा ठरलेलीच. दफनभूमीतील जागेचा प्रश्न निघाला तर तिला विशेष धार चढते. अशा प्रसंगी ‘पॅरिश’ या इंग्रजी शब्दाचेच मूळ वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

हा शब्द फ्रेंचद्वारा लॅटिन ‘पारोकिया’पासून इंग्रजीत आला, व लॅटिनने तो ग्रीक ‘पारोइकिया’वरून घेतला. ‘पारा’ म्हणजे शेजारी, ‘ओइकोस’ म्हणजे घर. परक्यांच्या घरांशेजारी जो वस्तीस राहतो तो ‘पारोइकोस’. आपल्या ‘धर्मग्राम’ शब्दाने गाव, शीव, वतन असे स्थिर चित्र उभे राहते. मूळ शब्दात ते नाही. जुन्या मुलकी भाषेत बोलावयाचे तर पारोइकोस हा मिरासदार नव्हे, उपरी होय. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या ख्रिस्तमंडळीने करिंथच्या मंडळीस जे पत्र धाडिले, त्यात दोन्ही मंडळ्यांस आपापल्या नगरात उपरेपणाने राहणाऱ्या असेच म्हटले आहे.

लॅटिनात या शब्दाचे रूप पालटले, ते ‘पारोकुस’ या निराळ्याच शब्दाच्या संसर्गाने, असे पंडित मानतात. रोमन राज्यात प्रवासी अधिकाऱ्यांस मुक्कामी बिऱ्हाड, सरपण व मीठ पुरविणारा तो पारोकुस. चर्चच्या लॅटिन कायद्यात पॅरिशच्या धर्मगुरूस आजही हेच नाव आहे. उपऱ्यांची वस्ती, आणि तिचा धर्मगुरू म्हणजे लाकूड-मीठ पुरविणारा! ‘रेव्हरंड’पेक्षा आम्हांस ही पदवी अधिक भावते.

कर्जत-खालापूरच्या लोकांस हा अर्थ समजावयास कोश नको. हा घाटपायथ्याचा मुलूख वाटसरूंचाच. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पण बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला होईपर्यंत उतारूंनी तेथे उतरून पालखीने वा तट्टावरून खंडाळा गाठावा, असा क्रम होता. तो मार्ग खोदणारे मजूर हजारोंनी आले, दूरदूरच्या गावांहून आले. त्यांतील कित्येक पटकीने दगावले आणि येथल्याच मातीस मिळाले.

सारा हेब्रोनास निवर्तली तेव्हा आब्राहामापाशीही तिला पुरण्याजोगी स्वतःची भूमी नव्हती. हित्ती लोकांपुढे उभे राहून त्याने जागा मागितली, आणि ग्रीक बायबलात त्या वेळी तो स्वतःस ‘पारोइकोस’ म्हणवितो. एफ्रोन ती फुकट देऊ करीत होता. आब्राहामाने ४०० शेकेल रुपे तोलून दिले.