सर्व्हर मेमरी संरचना (आभासीकरणासाठी)

एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालवताना भौतिक मेमरीचे वाटप ठरवणारी मांडणी. [→ आभासीकरण].

आभासीकरणाच्या तंत्राचा उगम आयबीएमच्या केंब्रिज केंद्रातील सीपी-४० प्रणालीत (१९६७) आहे. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरवरील कार्ल वॉल्ड्स्पर्गर यांच्या २००२ मधील निबंधात ‘बलूनिंग’चे वर्णन आले. यात आभासी यंत्रात चालणाऱ्या अतिथी प्रणालीतील एक चालक मेमरी अडवून धरतो आणि ती यजमान सर्व्हरकडे परत जाते.

मेमरी-पृष्ठ सामान्यतः ४ केबीचे असते. आभासी यंत्रात पत्ता दोन स्तरांतून शोधावा लागतो. चार-स्तरीय पृष्ठ-तक्त्यांत ४ ऐवजी कमाल २४ मेमरी-वाचने होतात. म्हणून २ एमबी किंवा १ जीबीची मोठी पृष्ठे वापरतात. मोठ्या विदागारांना त्यांचा लाभ विशेष होतो. अनेक प्रोसेसरांच्या सर्व्हरवर आभासी यंत्राचे प्रोसेसर व मेमरी एकाच नोडवर (प्रोसेसर व त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटात) ठेवतात. [→ नूमा]. समान पृष्ठांची एकच प्रत ठेवणारी केएसएम सुविधा लिनक्समध्ये २००९ मध्ये आली. तिच्यामुळे यंत्रांमधील माहिती-गळतीचा धोका संभवतो.

प्रत्यक्षाहून अधिक मेमरी वाटता येते, पण मागणी एकदम वाढल्यास पृष्ठे डिस्कवर जातात व वेग कोसळतो. त्यामुळे महत्त्वाच्या यंत्रांसाठी मेमरी राखीव ठेवणे आवश्यक ठरते. [→ मेघ संगणन].