शिमग्याची बोंब आणि आपली बोंब



चिखली-मेहकरकडच्या खेड्यात आपला माणूस मजुरीसाठी, पाण्यासाठी तोंड उघडतो, तेव्हा उत्तर ठरलेलं : "कायले बोंबलून राह्यला बे?" ज्याला ऐकून घ्यायचं नसतं, तोच बोलण्याला बोंब म्हणतो.

तशी बोंबलायची परवानगी गावानं दिलीच होती. वर्षातून एकदा, शिमग्याला. होळी पेटली की तोंडावर पालथा हात मारा, वाट्टेल त्याला शिव्या घाला. धुळवड सरली की पुन्हा 'जोहार मायबाप'. वर्षभराची मळमळ एका रात्रीत ओकून टाकायची ही सोय. वतन जागच्या जागी, येसकराची काठी जागच्या जागी.

दुसरी तऱ्हा त्रागा. आज हा शब्द आपण नुसत्या आदळआपटीला वापरतो. पूर्वी गुजरात-काठेवाडातले भाट-चारण दुसऱ्याच्या दारात स्वतःचं, प्रसंगी घरच्या माणसाचं रक्त सांडत आणि पाप त्याच्या माथी मारत. १८६० च्या भारतीय दंड संहितेनं कलम ५०८ खाली असला धाक गुन्हा ठरवला. 'माझंच मूल मारीन' ही धमकी तिथं उदाहरण म्हणून दिलेली होती. त्रागा चालायचा, कारण त्यांचं रक्त पवित्र मानलेलं. महाराच्या रक्ताचं पाप कुणाला लागत होतं? त्याच्या वाट्याला नुसती बोंब.

या बोंबेला हिशेब जोडला की काय होतं, ते १९७२ साली दिसलं. 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. संताप होताच. पण त्यात दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले होते : राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड, दलित बाईचं लुगडं फेडलं तर ५०. गदारोळ उठला तो झेंड्याबद्दलच्या शब्दांवरून. बाईबद्दल बोलायला किती जण पुढे आले? तरी ते दोन आकडे आजही आपल्या तोंडी आहेत.

माणूस बोंबलतो, कारण साधं बोललेलं कुणी ऐकत नाही. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. नावातच सगळं आलं. मुक्याला आधी स्वतःचा कागद हवा.

तेव्हा राग आला म्हणून लाजू नका. शिवी निघाली तर निघू द्या. पण तिच्याखाली गाव, तारीख आणि रक्कम लिहा. शिमग्याची बोंब राखेबरोबर उडून जाते. लिहिलेल्या बोंबेला कधी ना कधी उत्तर द्यावं लागतं.