आडात काय आहे, ते लिहा!

व्हिएन्नाजवळच्या इयासा या संस्थेने १९८१ साली जगाच्या ऊर्जेचं भविष्य मांडणारा जाडजूड अभ्यास छापला. १९८४ मध्ये कीपिन आणि विन यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की त्यातली उत्तरं बरीचशी आधी गृहीत धरलेल्या आकड्यांतूनच येतात. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं!

पुढे २०११ मध्ये 'ओसेमोसिस'सारखं खुलं ऊर्जा-मॉडेल आलं, २०१४ मध्ये बर्लिनला 'ओपनमॉड' हा संशोधकांचा गट जमला. मॉडेलं वाढली, याद्याही झाल्या. पण मंडळी, यादीत नुसतं नाव आणि लायसन्स देऊन काय कळणार? हिशोब तासाचा की वर्षाचा, डेटा कुठला, गृहीतकं कोणती, हे नोंदीतच हवं. नाहीतर कोड उघडा आणि आड झाकलेला!